प्रस्तावना : अडलं तर विचारायचं कोणाला?

तालुक्याच्या गावी एकट्याने दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरचं रोज कुठे ना कुठे अडतं. सर्दी-ताप, जुलाब, अंगदुखी, बीपीच्या गोळ्या यांत दिवस जातो आणि मधेच एखादा पेशंट असा येतो की डॉक्टर खुर्चीत सावरून बसतो. रिपोर्ट एक सांगतो, पोटावर ठेवलेला हात दुसरंच सांगतो आणि दारात उभे असलेले नातेवाईक तोंडाकडे बघत राहतात. अशा वेळी अंदाजाने औषध देऊन बघता येतं. "मोठ्या दवाखान्यात न्या" म्हणून मोकळंही होता येतं. किंवा त्या विषयातलं आपल्यापेक्षा ज्याला जास्त कळतं त्याला फोन करून विचारता येतं. हे पुस्तक त्या फोनविषयी आहे.

इथे लिहिणाऱ्यांत एमबीबीएस आहेत, बीएएमएस आहेत, जिल्ह्याच्या ठिकाणी बसणारे फिजिशियन, सर्जन आणि बालरोगतज्ज्ञ आहेत. कुणी आपण विचारल्याच्या हकिकती सांगितल्या आहेत, कुणी आपल्याला विचारलं गेल्याच्या. मी पहिली काही वर्षं फोन करणाऱ्यांच्या बाजूला होतो. पुढे एमडी करून जिल्ह्याच्या गावी आलो, तेव्हापासून फोन घेणाऱ्यांच्या बाजूला आहे. दोन्हीकडचं पाहिलेलं असल्यामुळे ही प्रस्तावना माझ्याकडे आली. तेव्हा माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडतो : सहकाऱ्याला विचारणं हा डॉक्टरच्या कामाचाच भाग आहे. पोट तपासणं, ईसीजी वाचणं शिकावं लागतं तसं विचारणंही शिकावं लागतं. आमच्या शिक्षणात त्याचा तास कधी झाला नाही, म्हणून प्रत्येक जण ते धडपडत शिकला, आणि त्या धडपडीची किंमत पुष्कळदा पेशंटने मोजली.

नव्या डॉक्टरला विचारायची लाज वाटते. पेशंटसमोर फोन लावला तर "ह्याला काही येत नाही" असं गावभर होईल, ही भीती मोठी असते. ती अगदी निराधार आहे असंही म्हणवत नाही, कारण पुढच्याच गल्लीत दुसरा दवाखाना असतो. पण माझा अनुभव वेगळा आहे. लोक डॉक्टरचा फोन कान देऊन ऐकतात, आणि आपल्या माणसाची काळजी घेतली जातेय एवढं त्यांना त्यातून बरोबर कळतं. "मी सांगलीच्या डॉक्टरांशी बोललो, त्यांचंही मत असंच पडलं," हे ऐकून पेशंट उठून दुसरीकडे गेला असं मी पाहिलेलं नाही.

ही लाज आपल्या परंपरेतून आलेली नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, वैद्याने वैद्याशी कसं बोलावं याचं सविस्तर विवेचन आहे. एकाच विद्येतल्या माणसांच्या अशा बोलण्याला तिथे तद्विद्यसंभाषा म्हटलं आहे. स्नेहाने होते ती संधायसंभाषा, आणि समोरच्याला हरवायला होते ती विगृह्यसंभाषा. स्नेहाने बोलायचं तर जोडीदार जाणकार हवा, चिडका नको, दुसऱ्याला समजावून सांगणारा हवा. अशा माणसाला निःशंकपणे विचारावं, त्याने विचारलं तर आपल्याजवळचं उघड करून सांगावं, हार होईल म्हणून बिचकू नये, आणि समोरचा निरुत्तर झाला तर त्यात आनंद मानू नये, चारचौघांत मिरवू तर मुळीच नये. कुठल्याही वैद्यकीय संघटनेने आपल्या सभागृहात लावावं इतकं हे थेट आहे. हिपॉक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथांतही, पेशंटची अवस्था कळेनाशी झाली तर इतर वैद्यांना बोलावण्यात कमीपणा नाही, असा उपदेश सापडतो. आपल्याकडे भारतीय वैद्यक परिषदेने २००२ साली जी आचारसंहिता केली तिच्यात सल्लामसलतीवर स्वतंत्र प्रकरण आहे. गंभीर आजारात, शंकेच्या किंवा अवघड अवस्थेत सल्ला मागावा, अनावश्यक सल्ला टाळावा, आणि सगळं पेशंटच्या हितासाठी असावं, असं ते सांगतं. किती जणांनी ते वाचलं आहे याबद्दल मात्र मला शंका आहे.

विचारायला कोणीच नसलं तर काय होतं हे गडचिरोलीतल्या हेमलकशाने पाहिलं आहे. १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा पावसाळ्यात नद्यांना पूर आला की तो भाग जगापासून तुटायचा. अस्वलाने फाडलेला चेहरा असो की अडलेलं बाळंतपण, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांना जे समोर येईल ते हाताळावं लागलं. त्यांनी ते निभावलं, त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं आहे. पण डॉक्टरला असं एकटं पडावं लागणं ही व्यवस्थेची उणीव होती. आज तशी वेळ फार थोड्या ठिकाणी येते. तरीही हातात फोन असून एकटे राहिलेले डॉक्टर मला तालुक्यातालुक्यात दिसतात, आणि मला खरी चिंता त्यांची वाटते.

आता महाडची गोष्ट, कारण ती सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. जालना जिल्ह्यातल्या गरीब शेतकरी घरातले हिम्मतराव बावस्कर १९७६ साली रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून आले. कोकणात तेव्हा लाल विंचू चावून माणसं मरत होती, लहान मुलं तर फारच. दंशानंतर काही तासांत हातपाय गार पडायचे, घाम फुटायचा, फुफ्फुसात पाणी भरायचं आणि पेशंट डोळ्यांदेखत जायचा. पुस्तकांत यावर उपयोगी पडेल असं काही नव्हतं, आणि ज्येष्ठांना विचारावं तर त्यांनीही असे पेशंट पाहिलेले नव्हते. विंचू चावलेला माणूस मोठ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळापर्यंत पोचणार कसा? बावस्करांनी प्रत्येक पेशंटच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या नोंदी केल्या आणि १९८२ साली त्या 'लॅन्सेट'ला कळवल्या. रक्तदाबासाठी वापरल्या जाणाऱ्या प्राझोसिन या साध्या गोळीचा उपयोग त्यांनी १९८६ साली त्याच नियतकालिकात मांडला. विषामुळे रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयावर भलताच ताण येतो, तो ही गोळी उतरवते. मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. २०११ साली डॉ. हिम्मतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ७० पेशंटांवरचा अभ्यास 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापला. नुसत्या प्राझोसिनपेक्षा प्राझोसिन आणि विंचवाची प्रतिलस मिळून पेशंट लवकर बरा होतो, असं त्यात दिसलं. २०२२ साली डॉ. हिम्मतरावांना पद्मश्री मिळाली.

मला यातलं सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हे, की इथे ज्ञानाची दिशा उलटी झाली. विंचवाबद्दल अडलं तर महानगरातल्या प्राध्यापकाने महाडच्या डॉक्टरला विचारायचं, अशी वेळ आली. विचारणारा नेहमी लहान गावातला आणि सांगणारा नेहमी मोठ्या शहरातला, हे आपण धरून चालतो ते खोटं आहे. ज्याने जे पाहिलंय त्याला ते विचारावं, त्याची पाटी कुठल्या रस्त्यावर आहे ते बघू नये.

कोणाला विचारायचं, याचं उत्तर बहुतेक जण 'आपल्या बॅचचा कोणीतरी' असं देतात. स्वाभाविकच आहे. ज्याच्याबरोबर होस्टेलच्या मेसमध्ये जेवलो त्याला रात्री अकराला उठवताना संकोच वाटत नाही. पण बॅचमेटला बहुधा तेच माहीत असतं जे आपल्याला असतं. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एका प्रसिद्ध लेखात दाखवलं की नवी माहिती जवळच्या मित्रांकडून कमी आणि दूरच्या, क्वचित भेटणाऱ्या ओळखींकडून जास्त येते. त्याचा विषय नोकऱ्यांचा होता, पण दवाखान्यातही मी हेच पाहत आलो आहे. त्वचेवरच्या चट्ट्याचा उलगडा एखाद्या परिषदेत चहाच्या रांगेत भेटलेल्या त्वचारोगतज्ज्ञाने केलेला असतो. पॅथॉलॉजिस्टशी तर फार थोडे डॉक्टर बोलतात. रिपोर्ट छापून येतो, आकडा वाचला जातो, संपलं. वास्तविक "प्लेटलेट मशीनने मोजल्या की स्लाइड पाहून?" एवढं विचारलं तरी पुष्कळ गोंधळ मिटतो, कारण प्लेटलेट एकमेकींना चिकटल्या की मशीन त्या कमी मोजतं आणि घरातले लोक डेंग्यूच्या धास्तीने इस्पितळं पालथी घालतात. आरोग्य केंद्रातल्या जुन्या सिस्टर, गावातली आशाताई, साप ओळखणारे सर्पमित्र यांचे नंबरही डॉक्टरच्या फोनमध्ये हवेत. सर्पमित्राकडून उपचार शिकायचे नाहीत, हे उघड आहे. पण त्या शिवारात कुठला साप निघतो हे त्याच्याइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक नसतं.

इथे एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. ओळखी सगळ्यांना सारख्या मिळत नाहीत. डॉक्टरांच्या घरात जन्मलेल्या मुलाला पहिल्या दिवसापासून वडिलांच्या मित्रांचं मंडळ आयतं मिळतं. घराण्यातला पहिला डॉक्टर झालेला मुलगा किंवा मुलगी परक्या तालुक्यात दवाखाना टाकते तेव्हा तिच्या फोनमध्ये वरिष्ठ म्हणावा असा एकही नंबर नसतो. बीएएमएस डॉक्टरांचं तर आणखी अवघड. त्यांनी फोन केला की पलीकडून आधी डिग्रीची चौकशी होते, मग झापणं, आणि शेवटी जमलं तर सल्ला. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा तो फोन येत नाही, पेशंट मात्र तिथेच असतो. खेड्यापाड्यांत पहिला हात बहुतेक वेळा याच डॉक्टरांचा लागतो. त्यांना गप्प बसवण्यात कोणाचं भलं होतं? अॅलोपॅथीची औषधं कोणी द्यावीत हा वाद स्वतंत्र आहे, तो कायद्याच्या आणि परिषदांच्या पातळीवर होऊ दे. रात्री बाराला तडफडणाऱ्या माणसाच्या खाटेपाशी तो काढायचा नसतो.

आता विचारायचं कसं. या पुस्तकातले सगळ्यांत चांगले लेख याविषयीचे आहेत, आणि मीही इथे जरा रेंगाळणार आहे.

"सर, एक पेशंट आहे, छातीत दुखतंय, काय करू?" असा फोन येतो तेव्हा माझ्याकडे द्यायला उत्तरच नसतं. उलट असा फोन बघा : "सर, ५८ वर्षांचे शेतकरी, छातीत दुखायला लागून दीड तास झाला, दरदरून घाम आहे, बीपी ९० बाय ६०. ईसीजीत टू, थ्री, एव्हीएफमध्ये एसटी वर आहे. ॲस्पिरिन चावायला दिली. सॉर्बिट्रेट जिभेखाली द्यावी का, एवढंच विचारायचंय." आता मी अर्ध्या मिनिटात कामाचं काही सांगू शकतो : सॉर्बिट्रेट देऊ नका, हृदयाच्या खालच्या भागाचा झटका आहे, उजव्या बाजूचा ईसीजी काढा, उजव्या कप्प्यालाही झळ पोचली असेल तर या गोळीने बीपी आणखी कोसळेल. पहिल्या डॉक्टरपेक्षा दुसऱ्याला औषधशास्त्र फार जास्त येतं असं नाही. पण त्याने फोन लावण्याआधी पेशंट पुरता पाहिला होता, काय दिलं ते आठवून ठेवलं होतं, आणि आपलं नेमकं कुठे अडलंय हे त्याला कळलं होतं. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवर निरोप देण्याची एक पद्धत होती, ती पुढे इस्पितळांनी उचलली : आत्ता काय घडतंय, आधीचं काय आहे, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवं, या क्रमाने बोलायचं. आपल्या नर्सिंग कॉलेजांत आणि वैद्यकीय कॉलेजांत ही चार वाक्यं तोंडपाठ करून घ्यावीत असं मला फार वाटतं.

"मला काय वाटतं" हे तिसरं वाक्य बहुतेक जण गाळतात. चुकलं तर हसतील म्हणून. तेच सगळ्यांत महत्त्वाचं आहे. तुमचा अंदाज ऐकल्याशिवाय पलीकडच्याला तुमच्या विचारातली वाट कळत नाही, आणि वाट कळली नाही तर ती कुठे चुकली हे सांगता येत नाही.

फोटो पाठवतानाही तेच. ईसीजीचा कागद टेबलावर सपाट ठेवून, पूर्ण पट्टी दिसेल असा, सावली न पडू देता फोटो काढायला पाव मिनिट लागतं. सुरकुतलेल्या कागदाचा तिरका फोटो पाठवून मत मागणं म्हणजे समोरच्याला अंदाज बांधायला लावणं. वेळ लिहा, वय लिहा, नाव झाका.

आणि चांगला सल्लागार ओळखायचा कसा? तो लगेच उत्तर देत नाही, आधी प्रश्न विचारतो. मण्यारीचा दंश हे याचं उत्तम उदाहरण आहे. पावसाळ्यात पहाटे एक शेतमजूर येतो, पोटात दुखतंय म्हणतो, अंगावर कुठे दाताची खूण नाही, सूज नाही. ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवावं असंच चित्र असतं. डॉक्टर फोनवर हे सांगतो आणि पलीकडचा अनुभवी माणूस विचारतो, "रात्री खाली झोपला होता का? पापण्या जड वाटतात का? मान धरवते का?" मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दंश इतका बारीक की कित्येकदा जाग येत नाही, आणि विष नसांवर काम करत पापण्यांवरून श्वासापर्यंत जातं. त्या तीन प्रश्नांनी पेशंट वाचू शकतो. घोणसीच्या दंशात रक्त गोठतंय का ते बघायला दोन मिली रक्त काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग नळी आडवी करून पाहायचं, ही चाचणी सगळ्यांनी वाचलेली असते. पण नळी काचेचीच हवी, प्लॅस्टिकची चालत नाही, आणि ती साबणाने धुतलेली असेल तर चाचणी फसवी येते, हे मी अनेकांना फोनवरच सांगितलं आहे. एका घाईच्या रात्री मलाही ते एका ज्येष्ठाने फोनवरच सांगितलं होतं. पुस्तकात ते आहे, पण पानावरची ओळ ऐन वेळी आठवत नाही आणि माणसाचा आवाज आठवतो.

सल्ला घेतला म्हणजे जबाबदारी सरकली असं मात्र नाही. २५ मार्च २०२० रोजी केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली, त्यांत हे स्वच्छ लिहिलं आहे : एका डॉक्टरने दुसऱ्याचा सल्ला घेतला तरी पेशंटवर उपचार करणारा डॉक्टर पहिलाच राहतो आणि उपचारांना तोच जबाबदार असतो. मला हे रास्त वाटतं. पलीकडच्याने पेशंटला हात लावलेला नसतो. म्हणून केसपेपरवर किती वाजता, कोणाशी बोललो, काय ठरलं, याची दोन ओळींची नोंद करावी, आणि पेशंटलाही सांगावं. दिलेला सल्ला पटला नाही तर न पाळण्याचा अधिकार आपल्याला आहे. तोही वापरावा, आणि का वापरला ते फोन करून कळवावं.

फोन घेणाऱ्यांच्या अडचणीही खऱ्या आहेत. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. तेव्हापासून न पाहिलेल्या पेशंटबद्दल बोलताना कोणीही दहा वेळा विचार करतो. इस्पितळांवर हल्ले होतात ते वेगळंच. म्हणून "पाठवून द्या" हे दोन शब्द तज्ज्ञांच्या तोंडी बसले आहेत. ते कधी योग्य असतात, कधी नुसती सुटका असतात. रात्री घाटातून नेता नेता दगावेल असा पेशंट असेल तर आधी तिथेच काय करता येईल ते सांगणं हे तज्ज्ञाचं कर्तव्य आहे, आणि मग १०८ बोलवायला सांगावं. फुकट सल्ल्याची तक्रारही मी ऐकतो. दिवसाला वीस फोन येणाऱ्या माणसाला ती करायचा हक्क आहे. त्यासाठी उघड, पावतीची, पेशंटला माहीत असलेली फी ठरवता येईल. मी याच्या बाजूने आहे.

पैसा लपून आला की मात्र सगळंच नासतं. याबद्दल मला मवाळ लिहिता येणार नाही. पेशंट पाठवल्याबद्दल पाठवणाऱ्याला टक्के मिळतात, त्याला आपल्याकडे सगळे 'कट' म्हणतात आणि सगळ्यांना तो माहीत असतो. २०१३ साली एका तपासणी केंद्राकडून एमआरआयसाठी पाठवलेल्या पेशंटपोटी १२०० रुपयांचा चेक आला, तो डॉ. बावस्करांनी परत केला आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. त्याआधी आणि त्यानंतर असे किती चेक आणि किती पाकिटं मुकाट्याने खिशात गेली असतील? २००२ च्या आचारसंहितेने हे कमिशन निषिद्ध ठरवलं आहे. २०१७ साली राज्यात कटविरोधी कायद्याचा मसुदाही तयार झाला होता. लोक कटचा विचार पेशंटच्या खिशाच्या अंगाने करतात आणि ते बरोबरच आहे, पण सल्ल्याच्या नात्याचं काय होतं याकडे कमी जणांचं लक्ष जातं. ज्याला मी पेशंट पाठवला की मला पैसे मिळतात, त्याला मी "पेशंट पाठवायची गरज आहे का?" असं मोकळेपणाने विचारूच शकत नाही. त्यालाही "गरज नाही, तुमच्याकडेच बरा होईल" असं सांगणं परवडत नाही. ज्या एका वाक्यासाठी तालुक्याच्या डॉक्टरला तज्ज्ञाची ओळख हवी असते, नेमकं तेच वाक्य कट मारून टाकतो. चांगला सर्जन कोण, हे न बघता टक्के कोण जास्त देतो हे बघून चिठ्ठी लिहिली जाते. असा डॉक्टर फोनवर कितीही गोड बोलला तरी त्याला सहकारी म्हणवत नाही.

औषध कंपन्यांचा हात याहून सूक्ष्म असतो. कोलमन, कॅट्झ आणि मेन्झेल या तीन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी टेट्रासायक्लिन हे तेव्हाचं नवं प्रतिजैविक इलिनॉय राज्यातल्या चार शहरांत डॉक्टरांमध्ये कसं पसरलं याचा अभ्यास केला, त्यावरचं पुस्तक १९६६ साली आलं. सहकाऱ्यांशी जास्त संबंध असणारे डॉक्टर ते औषध लवकर वापरू लागले, असं त्यांनी मांडलं, आणि पुढची कित्येक वर्षं ते प्रमाण मानलं गेलं. २००१ साली दोन संशोधकांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली. कंपन्यांच्या जाहिराती हिशेबात धरल्यावर सहकाऱ्यांच्या प्रभावाचा पुरावा उरला नाही. आपल्या तालुक्यात एखादं नवं औषध अचानक सगळ्यांच्या चिठ्ठीवर दिसू लागतं तेव्हा मला हा अभ्यास आठवतो. मित्राने सांगितलं म्हणून आपण लिहितो, आणि मित्राला सांगितलेलं असतं कंपनीच्या एमआरने.

व्हॉट्सअॅपच्या ग्रुपांबद्दल थोडक्यात. त्यांचा उपयोग आहे, पण तिथे पहिलं उत्तर सर्वांत घाईचं असतं आणि ज्याला खरं कळतं तो बहुधा गप्प असतो. पेशंटचा चेहरा, नाव, आधार क्रमांक दिसणारे कागद तिथे टाकणारे पाहिले की संताप येतो. त्यापेक्षा नियमाने होणारी चर्चा बरी. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ साली हेपॅटायटिस सीसाठी अशी रीत घातली. विद्यापीठातले तज्ज्ञ आणि खेड्यांतले डॉक्टर ठरल्या वेळी पडद्यावर एकत्र येत, खेड्यातला डॉक्टर आपला पेशंट मांडे आणि सगळे मिळून चर्चा करत. २०११ साली छापून आलेल्या निष्कर्षांत विद्यापीठाच्या क्लिनिकमध्ये ५७.५ टक्के आणि खेड्यांतल्या दवाखान्यांत ५८.२ टक्के पेशंट बरे झालेले दिसले. म्हणजे पेशंटला शेकडो मैल न नेताही तितकाच गुण आला. आपल्याकडे ई-संजीवनीची डॉक्टर ते डॉक्टर सेवा २०१९ साली सुरू झाली. यंत्रणा आहे. ठरल्या वेळी पलीकडे खरोखर कोणीतरी बसलेलं असलं पाहिजे, एवढीच अपेक्षा आहे.

आणि हे सगळं नवशिक्यांसाठीच आहे असं कोणी समजू नये. यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावाशी ज्यांच्या घराण्याचं नातं आहे ते बोस्टनचे सर्जन अतुल गवांदे यांनी २०११ साली लिहिलं की आपली प्रगती थांबल्यासारखी वाटली तेव्हा त्यांनी एका निवृत्त ज्येष्ठ सर्जनला ऑपरेशन थिएटरमध्ये बोलावलं आणि आपलं काम पाहून दोष दाखवायला सांगितलं. उजेड जखमेवरून सरकतो, कोपर वर जातं, अशा बारीकसारीक गोष्टी त्यांना समजल्या. नावाजलेला सर्जन भर थिएटरात हे करू शकतो. मग आपण रात्री एक फोन करायला का कचरावं?

पुढच्या पानांत ज्यांनी लिहिलं आहे त्यांनी पेशंटांची ओळख कळणार नाही अशी काळजी घेतली आहे. सगळ्या हकिकतींचा शेवट गोड नाही. दोन-तीन लेख वाचताना जड जातील, ते टाळू नका, त्यांतच शिकण्यासारखं जास्त आहे.

तज्ज्ञ मित्रांना माझी विनंती आहे की तालुक्यातून फोन आला तर डिग्री विचारण्याआधी पेशंटचं बीपी विचारा. आणि तरुण डॉक्टरांना एकच सांगणं आहे. ज्यांना विचारून उपचार केले तो पेशंट बरा झाला, बिघडला किंवा गेला, काहीही झालं तरी दुसऱ्या दिवशी त्यांना फोन करून कळवा. आमच्यापैकी पुष्कळ जण त्या फोनची वाट बघत असतात, आणि तो फार कमी येतो.